पाहायचे राहून गेलेले दुकान

सहा वर्षांपूर्वीची दिवाळी. सुटीत बंगळुरूहून आलेल्या नातवाने मला विचारले, "दादाजी, आपलं रविवार पेठेतलं दुकान कसं होतं? फोटो आहे का?" शाळेत ‘आमच्या घराण्याचा व्यवसाय’ या विषयावर त्याला चार ओळी लिहून वर चित्र चिकटवायचे होते. मी मोठ्या खात्रीने कपाट उघडले. अकरा अल्बम निघाले. त्यांत विवाह होते, बारसी होती, सम्मेद शिखरजी आणि पालिताणा यात्रा होत्या, नव्या घराची वास्तू होती. दुकानाचे छायाचित्र मात्र एकच सापडले, तेही वहीपूजनाचे. त्यात बाबूजी नवा कोट घालून, हात जोडून, कॅमेऱ्याकडे पाहत उभे आहेत आणि मागचे सारे दुकान झेंडूच्या माळांनी व पाहुण्यांनी झाकून गेले आहे.

बाबूजी त्या बारदान-सुतळीच्या पेढीवर पंचेचाळीस वर्षे बसले. पुढे बंधूंनी ती काही काळ चालवली, मग जागा विकली गेली आणि आज तिथे नवी इमारत उभी आहे. गादी, तक्क्या, मोठा काटा, छताला टांगलेल्या सुतळीच्या गुंड्या, भिंतीतल्या कोनाड्यात रचलेल्या लाल वह्या यांतले काहीच कोणी टिपले नाही. मी वर्णन करत गेलो आणि नातवाने चित्र काढले. त्यात काचेचे काउंटर होते आणि त्यावर संगणक! चूक त्याची नव्हती. दाखवायला माझ्यापाशीच काही नव्हते.

घरात कॅमेरा नव्हता असे नाही. आग्फा क्लिक थ्री होता. त्याच्या एका रोलवर बारा चौकोनी छायाचित्रे निघत. रोल, धुलाई आणि प्रती यांचा खर्च मोजून घेणाऱ्या घरात त्या बारांतले एक चित्र रोजच्या दुकानावर कोण खर्च करणार? ती बारा चित्रे सणासमारंभांसाठी राखलेली असत. जे रोज दिसते, ते उद्याही दिसणारच, हा आपला सर्वांचाच हिशेब असतो. माझा तो हिशेब चुकला. त्या दिवाळीनंतर मी मोबाइल खिशात घालून पेठेत जाऊ लागलो.

नजरेची जुनी सवय

बँकेत छत्तीस वर्षे मी पाहण्याचेच काम केले. धनादेशावरील सही नमुन्याशी ताडून पाहणे, नोटांच्या थप्पीतील वेगळी नोट ओळखणे, ताळेबंदात न जुळणारा आकडा शोधणे. साहजिकच आपली नजर तयार आहे असा माझा समज होता. पहिल्या दोन महिन्यांत मी चारशेच्या वर छायाचित्रे काढली आणि एका रात्री ती ओळीने पाहिली. कबुतरे, सूर्यास्त, शनिवारवाड्याचा दरवाजा आणि पुन्हा कबुतरे. एकही चित्र थांबून पाहावेसे वाटेना.

कारण पुढे उमगले. बँकेतील नजर चूक शोधणारी होती. सारे ठीक असले की ती पुढे सरकत असे. छायाचित्राला याच्या उलट नजर लागते. जिथे काहीही वेगळे घडत नाही, तिथेच तिला थांबावे लागते. दुकानाची फळी उघडताना वर गेलेला हात, ओल्या ओट्यावर पडलेला उन्हाचा पट्टा, हातगाडीच्या दांडीला बांधलेले फडके. प्रेरणेसाठी काश्मीरला किंवा केरळला जावे लागते असे मलाही वाटत असे. वास्तविक तिथे गेल्यावर आपण इतरांनी काढलेलीच चित्रे पुन्हा काढतो. आपल्या गल्लीत मात्र आपल्याला जे ठाऊक असते, ते कोणत्याही प्रवाशाला ठाऊक नसते. कोणते दुकान आधी उघडते, कोणता हमाल कुठे विसावतो, कोणत्या भिंतीवर किती वाजता ऊन येते, हे माहीत असणे हे छायाचित्रकाराचे मोठे भांडवल आहे.

आपले गाव टिपणारे

या वाटेवर मला काही थोर माणसे भेटली. पॅरिसचे यूजीन अॅटझे (1857-1927) हे आधी नट होते. त्यात फारसे यश आले नाही, तेव्हा ते छायाचित्रणाकडे वळले. 1890 च्या दशकाच्या अखेरीपासून जवळजवळ तीस वर्षे ते जड लाकडी कॅमेरा आणि काचेच्या पट्ट्या घेऊन पहाटे बाहेर पडत आणि जुने पॅरिस टिपत. राजवाडे-समारंभ यांपेक्षा दुकानांच्या दर्शनी खिडक्या, जिने, दारांच्या कड्या, रस्त्यावरचे फेरीवाले यांत त्यांना रस होता. गंमत अशी की त्यांनी हे सारे व्यवसाय म्हणूनच केले. चित्रकार, ग्रंथालये आणि संग्रहालये हे त्यांचे ग्राहक होते. विषयवार अल्बम आणि ग्राहकांची नोंदवही ते नीट ठेवत. 1920 मध्ये त्यांनी 2,600 हून अधिक काचपट्ट्या फ्रेंच सरकारला विकल्या. त्यांच्या मृत्यूनंतर बेरेनिस अॅबट या अमेरिकन छायाचित्रकार बाईंनी उरलेला संग्रह विकत घेऊन जपला. आज जुन्या पॅरिसची दुकाने जगाला दिसतात ती बरीचशी या एका चिकाटीच्या माणसामुळे.

दुसरे सॉल लाइटर (1923-2013). 1946 मध्ये ते न्यूयॉर्कला आले आणि पुढे अर्धशतकाहून अधिक काळ मॅनहॅटनमधील एकाच वस्तीत राहून आसपासचे चार रस्ते टिपत राहिले. ओलावलेल्या काचेपलीकडचा माणूस, बर्फातील लाल छत्री, दुकानाच्या कनातीखालचा काळोख. यांतली बहुसंख्य रंगीत चित्रे कित्येक दशके पेटाऱ्यांत पडून होती. 2006 मध्ये त्यांचे पुस्तक निघाले, तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते. आमच्या वयाच्या माणसाला यातून धीर येतो. पावसाळ्यात लक्ष्मी रस्त्यावरच्या बसच्या खिडकीतून पाहताना मला त्यांची आठवण होते.

तिसरे नाव आपल्या अधिक जवळचे आहे. राजा दीनदयाळ (1844-1905) हे मेरठजवळच्या सरधना येथील जैन कुटुंबातले. रुडकीच्या महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. इंदूरला बांधकाम खात्यात नकाशे काढण्याची नोकरी करता करता ते छायाचित्रणाकडे वळले आणि पुढे हैदराबादच्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. ‘राजा’ ही पदवी त्यांना निजामाकडून मिळाली. 1896 मध्ये त्यांनी मुंबईतही स्टुडिओ थाटला. 2006 मध्ये टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. आपल्या समाजातील किती घरांत हे नाव ठाऊक आहे? संस्थानिकांचे थाट आणि प्राचीन वास्तू यांसाठी त्यांचे काम गाजले. तथापि नोकरीच्या टेबलाशी बसूनही नजर जागी ठेवता येते, हे त्यांच्या चरित्रातून मी घेतले.

एक गल्ली, एक महिना

वाचकांपैकी कोणाला हा छंद जडवून घ्यायचा असेल, तर माझ्या चुकांतून आलेला अनुभव सांगतो. महागडा कॅमेरा घेऊ नये. हाती असलेला मोबाइल पुरे. एकच गल्ली आणि दिवसातला एकच तास निवडून महिनाभर तिथेच जावे. मी सकाळी साडेसात ते साडेआठ रविवार पेठेतून तुळशीबागेवरून मंडईपर्यंत जात असे. पहिल्या आठवड्यात कंटाळा येतो. दुसऱ्या आठवड्यात आपण काहीच पाहिले नव्हते असे ध्यानात येते. तिसऱ्या आठवड्यात लोक आपल्याला ओळखू लागतात आणि मगच खरी चित्रे मिळू लागतात.

उजेडाकडे वस्तूइतकेच लक्ष द्यावे. लक्ष्मी रस्ता ढोबळमानाने पूर्व-पश्चिम आहे. म्हणून मार्चच्या आणि सप्टेंबरच्या अखेरीस सकाळचे ऊन त्याच्या लांबीने आत येते आणि माणसांच्या लांबलचक सावल्या पडतात. थंडीत सूर्य दक्षिणेला कलतो आणि ऊन कोवळे राहते. मे महिन्याच्या भर दुपारी मात्र मोबाइल खिशातच बरा. चित्र जवळून हवे असेल तर पडद्यावर बोटे फाकवण्यापेक्षा स्वतः दोन पावले पुढे जावे, कारण बोटांनी मोठे केलेले चित्र बहुधा केवळ कापलेले असते. पडद्यावरील उजळ भागाला स्पर्श करून उजेड थोडा कमी करावा, म्हणजे सावल्या सावल्यांसारख्या राहतात. आणि निघण्यापूर्वी भिंग सुती रुमालाने पुसावे. माझी निम्मी धूसर चित्रे केवळ या आळसाची होती.

आणखी एक सवय आपल्या रक्तातच आहे. जुन्या पेढीवर रोजकीर्द लिहीत आणि तीवरून खतावणी करत. मी छायाचित्रांचीही रोजकीर्द ठेवतो. तारीख, जागा, काय टिपले, हे दोन ओळींत लिहितो. महिनाअखेरीस शेकडो चित्रांतून पाच निवडतो आणि त्या पाचांच्या कागदावर प्रती काढतो. मोबाइल बिघडला की त्यातले सारे जाते. कागद कपाटात राहतो.

इथे अनेकांच्या मनातील एका शंकेचा उल्लेख करतो. जुन्या फिल्मवरील थर जिलेटिनचा असे, आणि जिलेटिन प्राण्यांची हाडे व कातडी यांपासून बनते. मोबाइलच्या चित्रणात तो प्रश्न उरलेला नाही. पण रासायनिक पद्धतीने काढलेल्या प्रतींच्या कागदावर आजही तोच थर असतो. ज्यांना तो टाळायचा असेल, त्यांनी शाईच्या प्रिंटरवर साध्या जाड कागदावर प्रत मागावी. मी तसेच करतो.

आधी भवानी, मग फोटो

एका सकाळी मंडईत एका फुलवाल्या बाईंचे छायाचित्र मी न विचारताच काढले. त्यांनी चांगलेच सुनावले. "साहेब, अजून भवानी व्हायचीय. आधी काहीतरी घ्या, मग काढा फोटो!" मी ओशाळलो आणि पाव किलो शेवंती घेतली. व्यापाऱ्याच्या घरात जन्मून मला ही रीत कळू नये, याची लाज वाटली. दुसऱ्याच्या दारी जाऊन त्याचा चेहरा घ्यायचा, तर आधी त्याच्या कामाचा मान ठेवायला हवा. तेव्हापासून मी विचारतो, नको म्हटले तर हसून पुढे जातो आणि ज्यांचे चित्र चांगले आले त्यांना प्रत नेऊन देतो. कोणाची हतबलता टिपत नाही. देरासरात मोबाइल बंद ठेवतो.

मंडईची ती अष्टकोनी इमारत 1886 सालची. तिचे जुने नाव रे मार्केट. लहानपणापासून मी तिथे पिशवी घेऊन जात आलो, पण मान वर करून पाहिले ते साठी ओलांडल्यावर. आता जवळच भुयारी मेट्रोचे स्थानक आहे आणि 2024 पासून गाड्या धावत आहेत. कसब्यात तांबट आळीतून मठारकामाची ठोक अजून ऐकू येते. नवे येत आहे, जुने काही टिकून आहे आणि काही हलकेच निघून जात आहे. या बदलाबद्दल माझी तक्रार नाही. जे जात आहे, ते निदान पाहून घेतले जावे एवढेच म्हणणे आहे.

गादीच्या कडेचा खळगा

आमच्या जुन्या दुकानापासून थोड्याच अंतरावर एका वयोवृद्ध शेठजींची दोरखंडाची पेढी होती. बाबूजींचे ते स्नेही. छायाचित्राची परवानगी मागितली, तेव्हा त्यांनी टोपी सारखी केली, हात जोडले आणि वहीपूजनाच्या छायाचित्रात बाबूजींचा जसा चेहरा आहे तसाच केला. मी मोबाइल खाली ठेवला. चहा झाला. एवढ्यात एक गिऱ्हाईक दोर मागायला आले. शेठजी मला विसरले. डाव्या हाताने गादीच्या फळीची कड धरून ते काट्याकडे झुकले आणि दारातले ऊन नेमके त्या हातावर आले. मला हवे होते ते चित्र मिळाले.

मोठी प्रत करून नेली. ते बराच वेळ पाहत राहिले. मग बोट ठेवून म्हणाले, "हा खळगा कधी पडला?" गादीखालच्या लाकडी फळीची कड, जिथे ते हात ठेवत, तिथे झिजून गुळगुळीत वाटीसारखी झाली होती. त्यांच्या आधी त्यांचे वडीलही तिथेच हात ठेवून बसत. "साठ वर्षं इथे बसतोय मी," ते म्हणाले, "आणि हे मला आज दिसावं!"

आठ महिन्यांनी ती पेढी बंद झाली. मुले अन्य व्यवसायांत आहेत, त्यात वावगे काही नाही. ते छायाचित्र आज तिघा भावंडांच्या तीन घरांत आहे. त्यांची नातवंडे दुकानाचे चित्र काढतील, तेव्हा त्यात काचेचे काउंटर नसेल.

यंदा वहीपूजनाचे छायाचित्र अवश्य काढावे. पण त्याआधी, कोणत्याही साध्या मंगळवारी, माळा नसताना आणि कोणी कोट घातलेला नसताना, आपल्या पेढीच्या दारात क्षणभर उभे राहावे आणि वडील काम करत असताना एक छायाचित्र घ्यावे. त्यांना सांगावे, "तुम्ही इकडे बघू नका, तुमचं चालू द्या." मला माझ्या बाबूजींना हे वाक्य म्हणता आले नाही.