छप्पर कुणाच्या नावावर?

चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या मराठी वर्तमानपत्रांत एक बातमी ठरलेली असे : स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू. आतल्या पानावर, तीन-चार ओळींत. गावाकडे तीच बातमी वेगळ्या शब्दांत यायची : पाणी शेंदताना पाय घसरून विहिरीत पडली. घरातले सगळे वापरतात तो स्टोव्ह नेमका सुनेच्याच हातात कसा भडकतो, लहानपणापासून पाणी शेंदणाऱ्या बाईचा पाय सासरी आल्यावर दोन-तीन वर्षांतच कसा घसरतो, असं कुणी विचारत नसे. पंचनाम्यात ‘अपघात’ लिहिला की प्रकरण मिटायचं.

ते विचारायला सुरुवात झाली रस्त्यावर. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मथुरा बलात्कार खटल्याच्या निकालाविरुद्ध 1980 मध्ये जो संताप उसळला, त्यातून मुंबई-पुण्यात स्त्रियांच्या संघटना उभ्या राहिल्या आणि लवकरच त्यांचा मोर्चा घराच्या उंबऱ्याकडे वळला. स्त्री मुक्ती संघटनेचं, ज्योती म्हापसेकर यांनी लिहिलेलं ‘मुलगी झाली हो’ हे नाटक 1983 पासून गावोगाव फिरलं. त्याच वर्षी भारतीय दंडसंहितेत कलम 498-अ आलं : नवऱ्याने किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेला छळ हा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा ठरला, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. 1986 मध्ये हुंडाबळीचं 304-ब आलं. लग्नानंतर सात वर्षांच्या आत बाईचा अनैसर्गिक मृत्यू झाला आणि मृत्यूपूर्वी तिचा हुंड्यासाठी छळ झाल्याचं दिसलं, तर खुलासा करण्याची जबाबदारी सासरवर आली. 1 जुलै 2024 पासून हीच कलमं भारतीय न्याय संहितेत 85, 86 आणि 80 या क्रमांकांनी आहेत. लोकांच्या तोंडात मात्र अजून ‘चारशे अठ्ठ्याण्णव’च आहे.

ही कलमं हवीच होती. पण फौजदारी कायदा शेवटी एकच ठरवतो : तुरुंगात कोण जाणार. मार खाल्लेल्या बाईची चिंता वेगळी असते. आज रात्री झोपायचं कुठे? उद्या पोरांची शाळा? नवऱ्यावर चारशे अठ्ठ्याण्णव टाकलं की त्या घराचं दार तिला बंद होतं. आरोपी जामिनावर सुटून स्वतःच्या घरी जातो आणि फिर्यादी भावाच्या घरी, बाहेरच्या खोलीत, वहिनीच्या कपाळावरच्या आठ्या मोजत राहते.

ही गोष्ट विधिज्ञांच्या आधी खेड्यातल्या टाकलेल्या बायकांना कळली होती, असं माझं मत आहे. ऐंशीच्या दशकात सांगली जिल्ह्यात इंदुताई पाटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्त्रीमुक्ती संघर्ष चळवळीतून परित्यक्तांना एकत्र केलं. त्यांच्या मागण्या काय होत्या? स्वतःच्या नावाची शिधापत्रिका आणि घरासाठी जागा. नवऱ्याला फाशी द्या, अशी त्यांची घोषणा नव्हती. रेशनकार्डावर नाव नसलेली बाई सरकारदरबारी कुठेच राहत नाही, हे त्यांना नीट ठाऊक होतं.

या मागणीला कायद्याचं रूप यायला पुढे बराच काळ गेला. इंदिरा जयसिंग आणि त्यांच्या लॉयर्स कलेक्टिव्हने मसुद्यावर केलेल्या दीर्घ कामानंतर कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम 2005 मध्ये संमत झाला आणि 26 ऑक्टोबर 2006 रोजी अमलात आला. कोर्टाच्या आवारात त्याला नुसतं ‘डीव्ही’ म्हणतात. त्याचा कणा कलम 17 : घर कुणाच्याही नावावर असो, ज्या सामायिक घरात बाई नांदली तिथे राहण्याचा तिला हक्क आहे आणि कायदेशीर मार्गाशिवाय तिला कुणी बाहेर काढू शकत नाही. कलम 19 खाली दंडाधिकारी तिला त्या घरात ठेवू शकतात, मारणाऱ्या पुरुषाला बाहेर जायला सांगू शकतात किंवा तिच्यासाठी वेगळ्या भाड्याच्या घराची सोय त्याच्यावर टाकू शकतात. पोटगी, मुलांचा ताबा, नुकसानभरपाई हे सगळं एकाच अर्जात मागता येतं. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे आधी दिवाणी संरक्षण आणि ते धुडकावलं तर तुरुंग.

या कायद्याच्या नियमांना जोडलेला घरगुती घटना अहवालाचा छापील नमुना एकदा तरी वाचावा. संरक्षण अधिकारी बाईला समोर बसवून तो भरतात. आधी शारीरिक मार : थप्पड, चावा, लाथ, ढकलणं. मग लैंगिक हिंसा. विवाहांतर्गत बलात्कार आजही आपल्याकडे गुन्हा नाही, पण या कागदावर त्याची नोंद होते आणि त्यावर संरक्षण मिळू शकतं; ही विसंगती संसदेने अजून मिटवलेली नाही. पुढे शाब्दिक आणि भावनिक छळ : मुलगा झाला नाही म्हणून टोमणे, हुंडा आणला नाही म्हणून अपमान. शेवटी आर्थिक : खर्चाला पैसे न देणं, अन्न-कपडे-औषध न देणं, नोकरी करू न देणं, पगार काढून घेणं, घराचा काही भाग वापरू न देणं, घरभाडं न भरणं, स्त्रीधन विकणं किंवा गहाण टाकणं. ‘हे तर प्रत्येक घरात चालतं’ म्हणून ज्याच्याकडे डोळेझाक होते, ते सगळं इथे ओळीने छापलेलं आहे. मार सांगताना न रडलेली बाई ‘घराचा काही भाग वापरू न देणं’ या ओळीपाशी अडखळू शकते, कारण स्वयंपाकघराला कुलूप लावलं जातं तेव्हा अंगावर वळ उठत नाही.

न्यायालयांनी मात्र हा हक्क सुरुवातीलाच आखडून ठेवला. कायदा लागू होऊन दोन महिने होतात न होतात तोच दिल्लीतल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की घर सासूच्या मालकीचं असेल तर सुनेला तिथे हक्क सांगता येणार नाही. मग काय, वकिलांना वाटच मिळाली. फ्लॅट आईच्या नावावर करायचा, वडिलांनी ‘मुलाशी आमचा संबंध नाही’ अशी जाहीर नोटीस वर्तमानपत्रात छापायची आणि सुनेला बाहेर काढायचं. हा रस्ता बंद व्हायला चौदा वर्षं लागली. ऑक्टोबर 2020 मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने जुना निकाल चुकीचा ठरवला : सासऱ्याच्या नावावरचं घरही सामायिक घर असू शकतं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आणखी एक दार बंद झालं. ज्येष्ठ नागरिक कायद्याचा आधार घेऊन सुनेचा निवासाचा हक्क परस्पर उडवता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. मुंबईतल्या एका माय-लेकींच्या अर्जातून 2016 मध्ये ‘प्रौढ पुरुष’ हे शब्द व्याख्येतून गेले, त्यामुळे छळणाऱ्या सासू-नणंदेविरुद्धही सरळ अर्ज करता येतो. हा कायदा फक्त सुनांचा नाही हेही त्या खटल्याने दाखवलं. आई, बहीण, विधवा, लग्नाविना एकत्र राहणारी स्त्री, कोणत्याही धर्माची, या सगळ्या त्यात येतात.

कागदावर इतकं भक्कम असलेलं काम अडतं कुठे? अर्जाची पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात समन्स बजावण्यातच महिने जातात. नवरा पत्ता बदलतो, वकील वकीलपत्रासाठी तारीख मागतो, मग म्हणण्यासाठी तारीख. मध्येच नवरा उभा राहून सांगतो, ‘साहेब, मी नांदवायला तयार आहे.’ पोटगी टाळायचा हा आपल्याकडचा जुना, हमखास डाव. नागपूर खंडपीठाकडून वर गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2020 मध्ये दोन्ही पक्षांना उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र सक्तीचं केलं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असं ठरवलं. तरी शेतीचं उत्पन्न शून्य आणि दुकान भावाच्या नावावर दाखवणारे कमी नाहीत.

खरा खोळंबा संरक्षण अधिकाऱ्यापाशी आहे. अहवाल लिहिणं, नोटीस पोचवणं, वैद्यकीय तपासणी, आसरा, मोफत वकील हे सगळं त्याने करायचं, आणि अनेक ठिकाणी तो दुसऱ्याच टेबलावरचा माणूस, अतिरिक्त कार्यभारावर. तालुका पातळीपर्यंत हे अधिकारी नेमा, असं सर्वोच्च न्यायालयाला मे 2025 मध्ये राज्यांना पुन्हा बजावावं लागलं. पोलीस ठाण्यात तर अजून ‘एनसी’ म्हणजे अदखलपात्र तक्रार घेऊन, ‘यापुढे असं करणार नाही’ लिहून घेऊन बाईला घरी पाठवायची पद्धत आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेने 1984 मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात सुरू केलेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष हा यातला सुखद अपवाद. तिथला प्रयोग पुढे राज्यभर पसरला.

गैरवापराचा मुद्दा टाळण्यात अर्थ नाही. 498-अ मध्ये दूरच्या नणंदा-आत्यांची नावं गोवली जातात, हे वकिलीतली माणसंही मान्य करतात, आणि 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरसकट अटकेला लगाम घातला तो योग्यच होता. पण आकडे दुसरीकडे बोट दाखवतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 25.2 टक्के विवाहित स्त्रियांनी नवऱ्याकडून कधी ना कधी हिंसा सोसल्याचं सांगितलं. आधीच्या फेरीत हे प्रमाण 21.3 होतं. देशभरात हिंसा सोसलेल्यांपैकी सुमारे 77 टक्के बायकांनी कुणाला सांगितलं नाही, मदतही मागितली नाही. खोट्या तक्रारींवर जितकी शाई खर्च होते, तिच्या चौथाईही या न केलेल्या तक्रारींवर होत नाही.

तक्रारीची वेळच येऊ नये यासाठी बाईच्या नावावरची मालमत्ता उपयोगी पडते का? केरळमध्ये प्रदीप पांडा आणि बिना अगरवाल यांनी केलेल्या अभ्यासात मालमत्ता नसलेल्या 49 टक्के स्त्रियांनी दीर्घकाळ शारीरिक हिंसा सोसली होती. जमीन आणि घर दोन्ही असलेल्यांत हे प्रमाण 7 टक्के होतं. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी संहितेने लग्नानंतर, वेगळा करार नसेल तर, नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते. तिथे हिंसेचं प्रमाण वर सांगितलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 8.3 टक्के निघालं. सगळं श्रेय त्या संहितेला देता येणार नाही, पण विचार करायला लावणारी गोष्ट आहे. आणि आपल्याकडे? महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि केंद्राने 2005 मध्ये मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क दिला. वडील गेल्यावर वर्षश्राद्धाच्या आत बहिणींकडून हक्कसोड पत्रावर सह्या घेतल्या जातात. ‘माहेर तुटायला नको’ म्हणून ती सही करते. पुढे सासरी हात उचलला गेला की त्याच माहेरी ती पाहुणी असते. हुंड्याच्या लाखांपेक्षा एका खोलीचा सातबारा किंवा खरेदीखत तिच्या नावावर असणं तिला जास्त वाचवेल, हे बापांनी आणि भावांनी समजून घ्यायला हवं.

वाचकांपैकी कुणाला हे आज उपयोगी पडावं म्हणून थोडं साधं. डीव्हीचा अर्ज बाई तात्पुरती जिथे राहते तिथल्या दंडाधिकाऱ्यांकडेही चालतो, सासरच्या तालुक्याला जायची गरज नाही. स्त्रीला उत्पन्नाची अट न लागता विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. 181 ही महिला हेल्पलाइन आहे, तातडीला 112. आणि भिंतीपलीकडचा आवाज ऐकून टीव्हीचा आवाज वाढवणाऱ्या शेजाऱ्यांसाठी : संरक्षण अधिकाऱ्याला खबर कुणीही देऊ शकतो, आणि प्रामाणिकपणे दिलेल्या खबरीबद्दल खबर देणाऱ्यावर कसलाही दिवाणी वा फौजदारी दावा होऊ शकत नाही. कायद्याचं कलम 4 तसं स्पष्ट सांगतं.