जुन्या रेल्वेचे वर्ष

वेल्समधील टॅलिलिन ही अरुंद रेल्वे पाटीचा दगड वाहण्यासाठी १८६५ साली सुरू झाली. १९४६ साली खाण बंद पडली, १९५० साली मालक सर हेन्री हेडन जोन्स वारले, आणि रेल्वे मोडीत निघण्याची वेळ आली. तेव्हा रेल्वेप्रेमी मंडळींनी १९५१ पासून ती स्वतः चालवावयास घेतली. स्वयंसेवकांनी वाचविलेली जगातील ही पहिली रेल्वे होय. त्या वर्षी चालते इंजिन एकच होते, १८६६ सालचे ‘डॉलगॉख’.

अशा रेल्वेचा हंगाम साधारण ईस्टरपासून शरदऋतूपर्यंत असतो. प्रवासी गेले की जड काम सुरू होते. बॉयलरमध्ये पाण्यातील क्षारांचा थर साचतो. तो उष्णता अडवितो आणि पत्रा तापून कमकुवत होतो. म्हणून बॉयलर रिकामा करून धुवावा लागतो, तपासून घ्यावा लागतो. कुजलेले स्लीपर बदलावे लागतात. हे हिवाळ्यात झाले नाही, तर उन्हाळ्यात गाडी सुटत नाही.

ही कामे जाणत्याच्या हाताखाली राहूनच अंगी येतात. नवे शिकाऊ येईनासे झाले, तर इंजिन संग्रहालयात राहील. रेल्वे मात्र राहणार नाही.