'तुंबाड' आणि गिऱ्हाइकाची जबान

व्यापाराच्या पानावर सिनेमाची चर्चा कशाला, असे काही वाचकांना वाटेल. परंतु 'तुंबाड' या चित्रपटाची हकिगत दुकानदार व कारागीर बंधूंनी ऐकण्याजोगी आहे. 12 ऑक्टोबर 2018 रोजी तो प्रथम लागला, तेव्हा धंदा बेताचाच झाला. 13 सप्टेंबर 2024 रोजी तोच चित्रपट पुन्हा लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा अधिक गल्ला जमला. माल तोच होता. मधल्या सहा वर्षांत ज्यांनी तो पाहिला, त्यांनी इतरांना सांगितले, एवढाच फरक.

हर्सूलमध्ये आमच्याकडे कापड घ्यायला येणाऱ्या मंडळींतही यावर बरीच बोलणी झाली. मते तीन तऱ्हेची पडली.

कादंबऱ्या वाचणाऱ्यांची तक्रार नावाबद्दल. श्री. ना. पेंडसे यांची 'तुंबाडचे खोत' ही कोकणातील एका खोत घराण्याची कहाणी. चित्रपटाने तिचे नाव घेतले, कथा घेतली नाही. कथेचे बीज नारायण धारप यांच्या भयकथेतले. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी ती 1993 साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राकडून ऐकली होती. शिक्का एकाचा आणि ठाण दुसऱ्याचे, असा हा आक्षेप. कापडवाल्यांना तो चटकन कळतो.

तरुणांना नावाशी कर्तव्य नव्हते. पडक्या वाड्यात दोराने खाली उतरायचे, पिठाची बाहुली पुढे करायची आणि हस्तर ती खाण्यात गुंतला की त्याच्या लंगोटातील सोन्याच्या मोहरा पळवायच्या, या साहसावर ते खूष होते.

वयस्कर व्यापाऱ्यांनी वेगळेच हेरले. विनायकराव प्रत्येक खेपेस मूठभर मोहरा आणतो. मुलगा म्हणतो, अख्खे लंगोटच का ओढू नये? त्यासाठी बाहुल्या वाढवल्या, तेव्हा हस्तरही तितकेच झाले आणि सारे बुडाले. हिरस वाढली की मुद्दलही जाते, हे पेढीवर बसणाऱ्यास निराळे सांगायला नको.

आम्हाला मात्र या चित्रपटाचा सबुरीचा हिशेब महत्त्वाचा वाटतो. 2012 साली चित्रण झाले, ते मनासारखे न उतरल्याने पुन्हा लिहून पुन्हा चित्रण केले, ते 2015 साली संपले. पक्के काम अखेर बोलले, पण फार उशिरा.

आमच्या शहराच्या हिमरूला इतका उशीर परवडणारा नाही. सुती ताणा आणि रेशमी बाणा घालून हातमागावर हिमरू विणणारे आता मोजकेच उरले आहेत. यंत्रावरचे स्वस्त कापड हिमरू म्हणून विकले जाते, तेव्हा गिऱ्हाइकाची तारीफ भलत्याच मालाला मिळते. चित्रपट सहा वर्षांनी पुन्हा पडद्यावर लावता येतो. माग एकदा उचलला आणि विणकराचा मुलगा दुसऱ्या कामाला लागला, की तो हात परत येत नाही.

म्हणून दुकानदार बंधूंना विनंती की, दोन्ही कापडे शेजारी ठेवून दाखवावीत, भावातील फरक खुलासेवार सांगावा आणि बिलावर 'हातमाग' की 'यंत्रमाग' ते साफ लिहावे. विणकराने तयारी दाखवल्यास त्याचे नावही गिऱ्हाइकास सांगावे. घरी जाऊन चार जणांत काय बोलायचे, हे मग गिऱ्हाइकास नेमके ठाऊक असेल.