खंडनासाठी उघडलेला ग्रंथ

फौजेत आम्हाला शिकवत, समोरच्याचा नकाशा त्याच्यापेक्षा बारकाईने वाचा. आज काशीत दुर्गाघाटावर बसून बोलतो आहे. मराठी कुटुंबांची ही जुनी वस्ती. काशीतच वाढलेल्या एका मराठी तरुणाने समोरच्याचा नकाशा वाचला आणि त्याचीच वाट बदलली.

त्यांचे नाव नीलकंठशास्त्री गोरे, जन्म १८२५. जॉन म्यूर या स्कॉटिश अधिकाऱ्याने 'मतपरीक्षा' हा संस्कृत ग्रंथ लिहून हिंदू मतावर टीका केली होती. विशीतल्या नीलकंठशास्त्रींनी संस्कृतातच 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहून उत्तर दिले. काशीतले मिशनरी विल्यम स्मिथ यांच्याशीही ते वाद घालू लागले. बायबल हाती घेतले ते खोडून काढण्यासाठी. पण येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांना थांबवले. १८४८ मध्ये जौनपूरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि ते नेहेम्या गोरे झाले. त्या काळी याचा अर्थ जात, घर आणि पंगत, तिन्हींतून उठणे. विशेष म्हणजे शंका त्यांना पुढेही छळत राहिल्या. ग्रंथाने त्यांना बदलले, पण त्यांच्यातला वाद घालणारा पंडित काही गेला नाही.

इथून धागा महाराष्ट्रात येतो. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या प्रश्नांना गोरे भारतातून पत्रांनी उत्तरे देत होते आणि त्यांचे हे ऋण रमाबाईंनी स्वतः नोंदवले आहे. मात्र रमाबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. प्रचलित मराठी बायबलची संस्कृतप्रचुर भाषा साध्या बायकांना कळत नाही, हे त्यांनी पाहिले. म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकून पुण्याजवळच्या केडगावला, मुक्ती मिशनमध्ये, सगळे बायबल स्वतः सोप्या मराठीत आणले. छपाईच्या कामातही आश्रमातल्या बायका होत्या. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये निघाला.

जर्मनीत मार्टिन ल्यूथरने १५२२ मध्ये नवा करार लोकांच्या बोलीत आणला आणि चर्चची मक्तेदारी हलली. कारण तेच: ग्रंथ सामान्यांना वाचता आला की अर्थ लावण्याचा हक्क एकट्या धर्मगुरूंकडे राहत नाही. केडगावात तो हक्क समाजाने टाकलेल्या विधवांपर्यंत पोहोचला.

धर्मांतराबद्दल तुमचे माझे मत काहीही असो. मला यातून एवढेच घ्यावेसे वाटते की ज्याच्याशी वाद घालायचा, त्याचा ग्रंथ आधी पूर्ण वाचावा. गोरे शास्त्रींनी तो वाचला आणि त्याची किंमतही मोजली. आज आपण न वाचताच भांडतो.