खोक्यावरचे डीपीआय आणि स्कॅनरचे खरे डीपीआय

घरातल्या जुन्या निगेटिव्ह स्कॅन करायच्या म्हटलं की पहिला प्रश्न डीपीआयचा येतो. फ्लॅटबेड स्कॅनरच्या खोक्यावर ६४०० डीपीआय छापलेलं असतं. हा आकडा खोटा नसतो. पण स्कॅनर एका इंचात किती ठिकाणी नोंद घेतो, एवढंच तो सांगतो. लेन्स, काच, फोकस आणि मोटरची थरथर यांतून किती बारकावा शिल्लक राहतो, ते आपल्यालाच मोजावं लागतं.

त्यासाठी यूएसएएफ १९५१ नावाचा चाचणी-नमुना वापरतात. अमेरिकी हवाई दलाने १९५१ मध्ये तो ठरवला. काचेवर तीन-तीन रेषांचे उभे-आडवे संच असतात आणि ते क्रमाने बारीक होत जातात. दर सहा पायऱ्यांनी रेषांची दाटी दुप्पट होते.

शार्पनिंग बंद ठेवून सर्वांत जास्त डीपीआयवर स्कॅन घ्यायचा. मग तो पडद्यावर मोठा करून बघायचं, की तीन रेषा सुट्या दिसणारा शेवटचा संच कोणता? तीनच्या जागी दोनच दिसल्या तर तो धरायचा नाही, तो नुसता भास असतो. उभ्या आणि आडव्या रेषांचं उत्तर वेगळं आलं, तर कमी असलेलं घ्यायचं.

समजा, गट ५ मधला चौथा संच निघाला. तक्त्यात त्याच्यासमोर मिलिमीटरला ४५.३ रेषाजोड्या दिसतात. एका जोडीत एक रेषा आणि एक मोकळी जागा, म्हणून दोनने गुणायचं. इंचात २५.४ मिलिमीटर. ४५.३ × २ × २५.४, म्हणजे साधारण २३००. ६४०० गेले कुठे?

३६ × २४ मिलिमीटरच्या फ्रेमची ६४०० डीपीआयवर साडेपाच कोटी पिक्सेलची फाइल होते. खरा तपशील मात्र सत्तर लाख पिक्सेलचाच. म्हणून डीपीआय टप्प्याटप्प्याने खाली आणत पुन्हा स्कॅन करून पाहावं. जिथपर्यंत तोच संच दिसतो, तिथपर्यंत उतरायला हरकत नाही. फिल्म होल्डरखाली कागदाची पट्टी ठेवून उंची बदलून पाहावी. एक पायरी मिळाली तरी बारा टक्के फायदा!

हा खटाटोप कशासाठी? तर ‘६४०० वर स्कॅन झालंय’ म्हणून निगेटिव्ह टाकून दिल्या जातात. चांगल्या बारीक कणांच्या फिल्ममध्ये २३०० डीपीआयपेक्षा जास्त तपशील असू शकतो. फाइल कितीही मोठी असली तरी तो तिच्यात आलेलाच नसतो. तेव्हा आधी मोजू या, आणि निगेटिव्ह जपूनच ठेवू या.