दोन विद्युत्‌ मोटारी आणि बोरघाटाचा चढ : नवलाख उंबरे येथील एका निवडीचा विचार

तळेगाव दाभाड्याच्या उत्तरेस, औद्योगिक क्षेत्राच्या कडेला वसलेल्या नवलाख उंबरे ह्या गावाला मोटार ही वस्तू दुरून पाहण्याची राहिलेली नाही. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना २००८ साली सुरू झाला, २०२० च्या अखेरीस तेथील उत्पादन थांबले आणि पुढे तो ह्युंदाई कंपनीने घेतला. हा सर्व काळ आसपासच्या गावांनी जवळून अनुभवला आहे. अशा गावातील एखादे कुटुंब आज पंचवीस-तीस लाख रुपये खर्चून विद्युत्‌ मोटार घेण्याचे ठरविते, तेव्हा त्याच्यापुढे प्रामुख्याने दोन नावे येतात. एक महिंद्रांची एक्सईव्ही ९ई, जी २०२४ च्या नोव्हेंबरात जाहीर झाली व चाकण येथे तयार होते. दुसरी टाटांची हॅरिअर ईव्ही, जी २०२५ च्या जूनमध्ये बाजारात आली व पुण्याच्या कारखान्यात बांधली जाते. दोन्ही कारखाने गावापासून तीस किलोमीटरांच्या आत आहेत. म्हणजे ही निवड एका अर्थाने घरच्याच दोन पोरींतून सून निवडण्यासारखी आहे, आणि तितकीच अवघड.

प्रस्तुत लेखात कोणती मोटार श्रेष्ठ, ह्याचा निवाडा करण्याचा हेतू नाही. कोणत्या अंकांवर विसंबावे, कोणत्यांवर विसंबू नये, आणि निवडीचा खरा आधार कोठे आहे, एवढेच दाखवावयाचे आहे. विवेचनाच्या सोयीसाठी पाच माणसांचे एक कुटुंब कल्पू : पती-पत्नी, दोन मुले आणि आजी. रोजचे जाणे-येणे चाकण किंवा तळेगावपर्यंत, सुमारे चाळीस किलोमीटर. महिन्यातून एक-दोनदा मुंबई, जाऊन-येऊन सुमारे २३० किलोमीटर. वर्षातून एकदा पंढरपूर, एकेरी सुमारे अडीचशे किलोमीटर.

प्रथम जाहिरातीतील मोठ्या आकड्याकडे पाहू. एक्सईव्ही ९ईच्या ७९ किलोवॅट-तासांच्या बॅटरीवर ६५६ किलोमीटर, तर हॅरिअर ईव्हीच्या ७५ किलोवॅट-तासांच्या, मागील चाकांना गती देणाऱ्या प्रकारात ६२७ किलोमीटर धाव प्रमाणित झाली आहे. किलोवॅट-तास म्हणजे वीजबिलातील युनिटच होय. ग्राहक ६५६ आणि ६२७ ह्यांची तुलना करतो व पहिली मोटार काटकसरी आहे असे समजतो. परंतु भागाकार करून पाहिल्यास वेगळेच दिसते. पहिल्या मोटारीस दर किलोमीटरला सुमारे १२०.४ वॅट-तास लागतात व दुसरीस सुमारे ११९.६. म्हणजे काटकसरीत दोघी समान असून धावेतील फरक केवळ बॅटरीच्या आकाराचा आहे. मोठ्या हंड्यात पाणी अधिक मावते, ह्यात हंड्याचा काही विशेष गुण नाही.

हे आकडे ज्या चाचणीतून येतात तिचे इंग्रजी आद्याक्षरी नाव ‘एमआयडीसी’ असे आहे. औद्योगिक विकास महामंडळाशी तिचा काहीही संबंध नाही, हे आमच्या मावळातील वाचकांस मुद्दाम सांगावे लागते. ह्या चाचणीत मोटार प्रयोगशाळेतील रुळांवर ठराविक क्रमाने चालवितात. त्यातील बराचसा भाग शहरातील मंद गतीचा असतो आणि वेग ९० किलोमीटरांच्या वर जात नाही. उलट मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारी तासाला शंभर किलोमीटरच्या गतीने धावतात. ह्या दोन स्थितींत जो फरक पडतो तो समजून घेणे हा ह्या विषयाचा गाभा आहे.

सपाट रस्त्यावर स्थिर गतीने धावणाऱ्या मोटारीस दोन विरोधांशी झगडावे लागते : चाकांचे घर्षण आणि वाऱ्याचा अडथळा. चाकांचा विरोध गतीनुसार फारसा बदलत नाही. वाऱ्याचा विरोध मात्र गतीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. प्रवाशांसह अडीच टन वजनाची उंच बांध्याची मोटार गृहीत धरून ढोबळ हिशेब केला, तर शंभर किलोमीटर अंतरात चाकांच्या घर्षणापायी सुमारे ७ युनिटे खर्ची पडतात. वाऱ्यापायी ८० च्या गतीस सुमारे ७.५, तर १०० च्या गतीस सुमारे ११.५ युनिटे लागतात. मोटार व तिची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ह्यांतील घट धरली, तर एकूण खर्च अनुक्रमे १६ व २१ युनिटे येतो. म्हणजे ७५ युनिटांची बॅटरी ८० च्या गतीने सुमारे ४६५ किलोमीटर नेईल आणि १०० च्या गतीने सुमारे ३६०. एकाच मोटारीत, केवळ पायाच्या दाबाने, शंभर किलोमीटरांचा फरक पडतो. दोन मोटारींच्या जाहीर धावेतील फरक २९ किलोमीटरांचाच आहे, हे येथे ध्यानात घ्यावे.

आता घाटाचा विचार करू. विद्युत्‌ मोटार घाट चढताना ‘संपून’ जाईल, अशी भीती पुष्कळांच्या मनात असते. खोपोली ते खंडाळा ही उंची सुमारे साडेपाचशे मीटर आहे. अडीच टनांचे वजन एवढे वर उचलण्यास सुमारे पावणेचार युनिटे लागतात, आणि यंत्रणेतील घट धरली तर सव्वाचार. मोठ्या बॅटरीच्या मानाने हा खर्च सहा टक्क्यांच्याही आत आहे. शिवाय तो सर्वस्वी वाया जात नाही. उतरताना मोटरच जनित्राचे काम करते व उतरणीची शक्ती बॅटरीत परत भरते. सारी नव्हे, तरी जाता-येता मिळून तिचा बराचसा भाग उपयोगी पडतो. हे तत्त्व ह्या भूमीला नवीन नाही. लोणावळ्याच्या परिसरातील तलावांचे पाणी कड्यावरून खाली आणून खोपोली येथे वीज निर्माण करण्याचा टाटांचा उद्योग १९१५ साली सुरू झाला, तो ह्याच उंचीच्या बळावर. पाण्याने शंभर वर्षे जे केले, ते आता मोटार करते, एवढाच भेद.

मात्र येथे एक बारकावा आहे. पूर्ण भरलेली बॅटरी आणखी वीज घेऊ शकत नाही. नवलाख उंबरे येथून शंभर टक्के भरून निघालेली मोटार खंडाळ्यास पोहोचेपर्यंत थोडी रिकामी झालेली असते, म्हणून उतरणीची वीज साठविण्यास तिच्यात जागा असते. लोणावळ्यास राहणाऱ्या गृहस्थाने रात्री बॅटरी काठोकाठ भरली व सकाळी थेट घाट उतरण्यास आरंभ केला, तर परतीची वीज तर मिळणार नाहीच, पण मोटरच्या साहाय्याने होणारे गतिरोधनही त्यास कमी जाणवेल. अशा माणसाने ऐंशी-नव्वद टक्क्यांवर थांबणे हिताचे.

ह्याच्या उलट एक सूचना बॅटरीच्या रसायनामुळे करावी लागते. दोन्ही मोटारींत लोह-फॉस्फेट जातीच्या लिथियम बॅटऱ्या आहेत. ह्या जातीचा मूळ शोध टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ ह्यांच्या गटाने लावला व १९९७ साली प्रसिद्ध केला. त्या निबंधाचे पहिले लेखक अक्षय पाढी हे भारतीय संशोधक होते. गुडइनफ ह्यांस २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ह्या बॅटरीत कोबाल्ट व निकेल नसतात, ती उष्णता अधिक सोसते आणि पुष्कळ वेळा भरता-रिकामी करता येते. परंतु तिचा विद्युत्‌ दाब मधल्या मोठ्या टप्प्यात जवळजवळ स्थिर राहतो. त्यामुळे ‘किती शिल्लक’ हे केवळ दाबावरून ओळखता येत नाही, आणि मापकाचा अंदाज चुकू नये म्हणून अधूनमधून ती पूर्ण भरावी लागते. रसायन एकच असल्याने ह्या बाबतीत दोन मोटारींत डावे-उजवे करता येत नाही.

शीघ्र भरणाच्या आकड्यांचेही तसेच आहे. महिंद्रा २० ते ८० टक्के भरणास २० मिनिटे सांगतात, टाटा २५ मिनिटे. परंतु पहिला आकडा १८० किलोवॅटच्या व दुसरा १२० किलोवॅटच्या भरणयंत्रावरचा आहे. महामार्गावरच्या पुष्कळशा ठिकाणी ६० किंवा ३० किलोवॅटचीच यंत्रे भेटतात. ६० च्या यंत्रावर तेवढ्याच भरणास एकीला सुमारे ४७ व दुसरीला ४५ मिनिटे लागतील. ज्या पाच मिनिटांसाठी घरात वाद होतो, ती रस्त्यावर कोठे दिसतच नाहीत. अपघात-सुरक्षेच्या भारत एनकॅप परीक्षेतही दोघींना प्रौढांसाठी ३२ पैकी ३२ व बालकांसाठी ४९ पैकी ४५ गुण आहेत. पथकराची सवलत, वस्तु-सेवा कराचा पाच टक्के दर ह्या गोष्टी दोघींस सारख्याच लागू असल्याने त्यांचा येथे विचार नको.

मग निवड कशावर करावी? माझ्या मते पहिला प्रश्न मोटारीचा नसून घरातील वीजजोडणीचा आहे. ७.२ किलोवॅटचे घरगुती भरणयंत्र एकफेजी जोडणीवर सुमारे ३१ अँपिअर ओढते. जुन्या वायरिंगच्या घरात पाण्याची मोटर, गिझर आणि हे यंत्र एकदम चालविणे धोक्याचे आहे. मंजूर भार वाढवून घेणे, स्वतंत्र वायर व चांगले अर्थिंग करून घेणे, हा खर्च मोटारीच्या किमतीतच धरला पाहिजे. महिंद्रांच्या ११.२ किलोवॅटच्या यंत्रास तर त्रिफेजी जोडणी लागते. तथापि घाबरण्याचेही कारण नाही. आपल्या कल्पिलेल्या कुटुंबाची रोजची चाळीस किलोमीटरची धाव आठ-नऊ युनिटांची आहे. ती साध्या जाड पिनेच्या सॉकेटवरही, अर्थिंग नीट असल्यास, रात्रीच्या तीन-चार तासांत भरून निघते. वीज गेलेल्या पावसाळी रात्रीची तेवढी धास्ती मनात ठेवावी आणि बॅटरी तळाला नेण्याची सवय लावून घेऊ नये. हॅरिअरमधून घरातील उपकरणांस ३.३ किलोव्होल्ट-अँपिअरपर्यंत वीज देण्याची सोय आहे. दिवे, पंखे व फ्रीज त्यावर चालू शकतात, आणि आंदर मावळात श्रावणातील दोन-तीन रात्री काढलेल्या माणसास तिचे मोल सांगावे लागणार नाही.

दुसरा प्रश्न बॅटरी लहान घ्यावी की मोठी, हा. किमतीत खरा फरक येथे पडतो. एक्सईव्ही ९ई ५९ युनिटांच्या व हॅरिअर ६५ युनिटांच्या बॅटरीतही मिळते. मुंबईची फेरी शंभरच्या गतीने व पंधरा टक्के शिल्लक राखून करावयाची, तर ५९ युनिटांत सुमारे २४० किलोमीटर निघतात, ६५ मध्ये सुमारे २६५. वातानुकूलन, पावसाचा ओला रस्ता आणि मुंबईतील कोंडी ह्यांनी पाच-आठ युनिटे नेली, तर पहिल्या मोटारीत फेरी पुरी होणार नाही व दुसरीत काठावर येईल. महिन्यातून दोनदा मुंबई करणाऱ्याने म्हणून मोठी बॅटरी घ्यावी. मुंबईस क्वचित जाणाऱ्याने लहान घेऊन वाटेत एकदा अर्धा तास थांबावे व उरलेल्या लाखांतून छतावर सौर तावदाने बसवावीत. तीन किलोवॅटची तावदाने महिन्याला साधारण साडेतीनशे युनिटे देतात, आणि महिन्याच्या बाराशे किलोमीटरांना भरणातील घट धरूनही अडीचशेच्या आसपासच लागतात. आषाढ-श्रावणात मात्र हे गणित जुळत नाही.

तिसरा प्रश्न आजींचा, आणि तो कोणत्याही तक्त्यात सापडत नाही. एक्सईव्ही ९ईचे छप्पर मागे उतरते आहे, हॅरिअरचे सरळ आहे. दोन्हींत बॅटरी तळाशी असल्याने मागील फरशी उंचावते आणि बसणाऱ्याचे गुडघे वर येतात. नऊवारी नेसून चढणाऱ्या बाईस दाराची उंची, वाकावे लागण्याचे प्रमाण व मांडीखालचा आधार हे धावेच्या आकड्यापेक्षा अधिक महत्त्वाचे. दालनात मोटार पाहण्यास पती-पत्नीच जातात आणि पुढेच बसून परत येतात, ही चूक सर्रास दिसते. आजींस घेऊन जावे व त्यांना मागे अर्धा तास बसवावे. सामानाच्या जागेत मात्र महिंद्रा पुढे आहे : ६६३ लिटर विरुद्ध ५०२. लांबीत ती १८२ मिलिमीटरने मोठी आहे, हे गावठाणातील बोळात घर असणाऱ्याने टेपने मोजून पाहावे. घरात सहावे माणूस असेल, तर ह्या दोघीही अपुऱ्या पडतील, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात आलेल्या एक्सईव्ही ९एस ह्या सात आसनी मोटारीचा विचार करावा लागेल.

चारही चाकांना गती देणारा प्रकार फक्त हॅरिअरमध्ये मिळतो. पुढे एक व मागे एक अशा दोन मोटरी असून धाव ६२२ किलोमीटर प्रमाणित आहे. घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत भाताच्या खाचरांतून मातीची वाट असेल, तर त्याचा उपयोग निर्विवाद आहे. नवलाख उंबरे ते चाकण एवढेच जाणे असेल, तर वर्षातील चार महिन्यांत चार वेळा लागणाऱ्या गुणासाठी दीडेक लाख अधिक देणे मला पटत नाही. आपल्या कुटुंबापुरते बोलावयाचे, तर मी त्यांना मागील चाकांची, ७५ युनिटांची हॅरिअर सुचवीन, आणि तीही मुख्यतः आजींमुळे. आजी गावीच राहणार असतील व प्रवास सामानाचा, लांब पल्ल्याचा असेल, तर माझे मत एक्सईव्हीकडे झुकेल.

एक गोष्ट सही करण्यापूर्वी वाचावी. दोन्ही कंपन्या बॅटरीची ‘आजीवन’ हमी पहिल्या खाजगी मालकापुरती देतात आणि मालकी बदलली की हमीच्या अटी बदलतात. आपल्याकडे मोटार वडिलांच्या नावे घेऊन पुढे मुलाच्या नावे करण्याची पद्धत आहे. नोंदणी कोणाच्या नावे व्हावी हे विक्रेत्याच्या दालनात ठरवू नये, ते घरी बसून आधीच ठरवावे.