आठ तारा आणि एक इशारा

पॅरलल पोर्टमधून एका अक्षराचे आठही बिट एकाच वेळी, आठ वेगवेगळ्या तारांवरून प्रिंटरकडे जातात. पॅरलल म्हणजे समांतर, हे नाव त्यावरूनच पडले. भात पिकवणाऱ्या बालाघाट-गोंदिया पट्ट्यातल्या एखाद्या राइस मिलचा धर्मकाटा घ्या. काट्यावर वजन भरले 4820 किलो. पावतीच्या तीन प्रती हव्यात: एक गाडीवानाला, एक मालवाल्याला, एक मिलच्या दप्तराला. कार्बनखालच्या प्रतीवर अक्षर उमटायचे तर कागदावर ठोका बसावा लागतो, आणि तो डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या सुयाच मारतात. लेझर प्रिंटर स्वस्त झाले तरी ही यंत्रे टिकली ती यामुळे, आणि त्यांच्याबरोबर हा जुना पोर्टही टिकला.

या केबलची दोन टोके दोन तऱ्हांची असतात. प्रिंटरकडचे रुंद, 36 संपर्कांचे टोक अमेरिकेतल्या सेंट्रॉनिक्स कंपनीच्या 1970 मधल्या प्रिंटरपासून चालत आले. संगणकाकडचे 25 पिनांचे टोक आयबीएमने 1981 च्या पीसीमध्ये आणले. दोन्हींची सांगड पुढे जगभर रूढ झाली.

पंचवीस पिनांपैकी 2 ते 9 या आठ पिना डेटाच्या. 18 ते 25 या आठ ग्राउंडच्या, म्हणजे विजेच्या परतीच्या वाटेच्या. उरलेल्या नऊ पिनांवरून अक्षर जात नाही. त्या दोन यंत्रांच्या आपसातल्या बोलण्यासाठी आहेत: चार संगणकाने सांगण्यासाठी, पाच प्रिंटरने उत्तर देण्यासाठी. पोर्टचे खरे मर्म या नऊ पिनांत आहे.

पावतीवरचा पहिला आकडा ‘4’. त्याचा संकेतांक 52, बिटांमध्ये 00110100. संगणक 4, 6 आणि 7 या पिनांवर सुमारे पाच व्होल्टचा दाब ठेवतो आणि बाकीच्या डेटा पिना शून्याजवळ ठेवतो. पण एवढ्याने प्रिंटर काही करत नाही. तारांवरचा दाब स्थिर झाला की नाही, हे त्याला कसे कळावे? म्हणून संगणक किमान अर्धा मायक्रोसेकंद थांबतो आणि मग 1 क्रमांकाची स्ट्रोब तार क्षणभर खाली ओढतो. ही तार एरवी पाच व्होल्टवर असते. तिचे खाली जाणे म्हणजे ‘आता घे’ असा इशारा. प्रिंटर त्या क्षणी आठही तारा वाचून घेतो आणि 11 क्रमांकाची बिझी तार वर उचलतो. बाइट पोटात गेला, पुढच्यासाठी जागा आहे, अशी खात्री झाली की बिझी खाली येते आणि 10 क्रमांकाच्या तारेवर पोच म्हणून छोटासा ठोका जातो.

संगणक सेकंदाला हजारो बाइट सहज पाठवू शकतो. डॉट मॅट्रिक्सचे डोके मात्र तेवढ्या वेळात काहीशे अक्षरेच ठोकते. मध्ये प्रिंटरची छोटी स्मृती असते. ती भरली की बिझी वरच राहते आणि संगणक मुकाट्याने थांबतो. वेगवान यंत्राला सावकाश यंत्राच्या चालीने चालवण्याचे काम ही एक तार करते.

बाकीच्या तारांची कामे सोपी आहेत. 12 वर ‘कागद संपला’, 13 वर ‘मी तयार आहे’, 15 वर ‘बिघाड आहे’ असे प्रिंटर कळवतो. संगणकाकडून 16 वरचा इशारा आला की प्रिंटर नव्याने सुरुवात करतो. 14 चा संबंध ओळ पुढे सरकवण्याशी, 17 चा प्रिंटर निवडण्याशी आहे.

पावती मराठीत किंवा हिंदीत हवी असेल, तर तारा त्याच राहतात, त्यांवरून जाणारा माल बदलतो. 1991 च्या इस्की या भारतीय मानकात ‘क’चा संकेतांक 179 आहे. आयबीएमचा 437 क्रमांकाचा तक्ता निवडलेल्या प्रिंटरला 179 म्हणजे नुसती उभी रेघ. म्हणून देवनागरी बहुधा चित्र म्हणून पाठवली जाते. ग्राफिक्सच्या आदेशानंतर येणारा प्रत्येक बाइट म्हणजे ठिपक्यांचा एक उभा स्तंभ: जिथे 1, तिथे सुई ठोका मारते. भारतीय लिप्या संगणकावर आणणारे जिस्ट तंत्र आयआयटी कानपूरमध्ये आकाराला आले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले.

साध्या केबलची लांबी दोन-तीन मीटरच्या आत ठेवलेली बरी. लांब केबलमध्ये शेजारच्या तारांचे सिग्नल एकमेकांत मिसळू लागतात. 1994 च्या आयईईई 1284 मानकाने चांगल्या केबलला दहा मीटरपर्यंत मुभा दिली आणि दोन्ही दिशांनी वेगाने डेटा नेण्याच्या पद्धतीही ठरवून दिल्या. पुढे यूएसबी आले आणि नव्या संगणकांवरून हा पोर्ट हळूहळू नाहीसा झाला.

एक उणीव मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. साध्या पद्धतीत आलेला बाइट बरोबर आहे की नाही, याची पडताळणीच होत नाही. समजा, 2 क्रमांकाची तार आतून तुटली. तुटलेली तार प्रिंटरला बहुधा 1 म्हणूनच वाचता येते, त्यामुळे प्रत्येक सम संकेतांक एकाने वाढतो. 0 चा 1 होतो, 2 चा 3, 4 चा 5, 8 चा 9. काट्यावर भरलेले 4820 किलो पावतीवर 5931 होऊन उमटतात, आणि प्रिंटर कसलीही तक्रार करत नाही. सुदैवाने रिकाम्या जागेचा संकेतांक 32 आहे, तोही 33 होतो. शब्दांच्या मधल्या जागी उद्गारचिन्हे दिसू लागली की तार तपासावी. त्याआधी प्रिंटरची स्वतःची चाचणी छापून पाहावी: ती स्वच्छ आली, तर दोष प्रिंटरच्या डोक्यात नसून केबलमध्ये किंवा पोर्टमध्ये आहे. केबल बदलताना दोन्ही यंत्रे बंद करावीत, कारण चालू स्थितीत जोडणी केल्यास पोर्टची चिप जळू शकते.